तलाठ्याची भूमिका, सर्व्हरचा फेरफार
वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सहा तालुके असून, तिथल्या जमिनींच्या हक्कबदलांसाठीच्या ई-फेरफार प्रणालीत तलाठी फेरफाराची नोंद घेतो, ती प्रमाणित करण्याचा अधिकार मात्र मंडळ अधिकाऱ्याकडे असतो. आत कोण आला आणि त्याला काय करता येते, हे दोन प्रश्न अशा प्रणालीत निराळे ठेवावे लागतात. पहिल्याला ओळख-पडताळणी, दुसऱ्याला अधिकार-नियंत्रण म्हणतात आणि दोन्हींचा हिशेब ओळख-सर्व्हर ठेवतो. २०१४ मध्ये आलेले मुक्तस्रोत ‘कीक्लोक’ हे अशा सर्व्हरचे परिचित उदाहरण.

तलाठी, मंडळ अधिकारी अशा भूमिकांची मांडणी या सर्व्हरवर हाताने, एकेका चौकटीत खूण करत भरली, तर सहाव्या तालुक्यापर्यंत एखादी खूण सुटतेच. म्हणून हवी ती रचना मजकुराच्या फाइलीत लिहितात, उदाहरणार्थ, ‘भूमिका: तलाठी; नोंद: होय; प्रमाणन: नाही’; मग आज्ञावली ती फाइल सर्व्हरशी ताडून केवळ तफावत दुरुस्त करते, त्यामुळे ती दहा वेळा चालवली तरी फळ तेच मिळते. फाइलीतला बदल कोणी, केव्हा केला हेही नोंदले जाते, म्हणजे सर्व्हरचीच जणू फेरफार नोंदवही. पासवर्ड तेवढे फाइलीत न लिहिता निराळ्या, कुलूपबंद साठ्यात ठेवतात.