चार हातांची पकड

आपल्या प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशीला विषाणू अख्खा दिसत नाही. विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे लागण झालेल्या पेशीच्या आतच पडतात. त्यातला आठ-दहा अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसून पृष्ठभागावर येतो, आणि टी-पेशी ओळखते ती या जोडीला. ही दुहेरी ओळख १९७४ साली कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांना एलसीएमव्ही विषाणूची लागण करून दाखवली.

मग तीच जोडी प्रयोगशाळेत बनवून टी-पेशी का शोधू नये? अडचण पकडीची होती. एकट्या जोडीवर टी-पेशी काही सेकंदच टिकते आणि सुटते. १९९६ साली जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी यावर टेट्रामर, म्हणजे अशा चार जोड्या एकत्र, हा उपाय प्रसिद्ध केला. चार हातांनी एकदम धरलं की एक हात सुटला तरी बाकीचे धरून राहतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. जीवशास्त्रातल्या इतक्या देखण्या युक्त्या मला फार थोड्या माहीत आहेत.

टेट्रामर घडतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. एचएलएची साखळी ई. कोलाय जिवाणूंत तयार होते, पण निरुपयोगी गोळ्यांच्या रूपात. ते गोळे विरघळवून, थंडीत, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे एचएलएचं जोडीदार प्रथिन आणि हवा तो पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, सोबत देऊन साखळीची घडी नव्याने बसवतात. पेप्टाइड नसेल तर घडी टिकत नाही. मग शेपटाकडे बायोटिन जोडतात, म्हणजे ओळखीची बाजू मोकळी राहते. स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाला बायोटिनसाठी चार जागा असतात, म्हणून त्यावर चार जोड्या बसतात. त्यावर चमकणारा रंग चढवलेला असतो. रक्तातल्या पेशींत हा टेट्रामर मिसळून फ्लो सायटोमीटरच्या लेझरसमोरून त्या एकेक करून सोडल्या, की नेमक्या टी-पेशी उजळतात.

याने जुने हिशेब उलटले. १९९८ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मुरली कृष्णा, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी त्याच एलसीएमव्हीची लागण झालेले उंदीर तपासले. लागण ऐन भरात असताना सक्रिय झालेल्या सीडी८ (मारेकरी) टी-पेशींपैकी ५० ते ७० टक्के त्या एकाच विषाणूवर रोखलेल्या निघाल्या. पूर्वी पेशी वाढवून मोजत. ज्या वाढत नसत, त्या हिशेबातून गळत.

पण टेट्रामरला तुकडा आधी माहीत असावा लागतो. तो माहीत नसेल तर काय करायचं, हे ब्रसेल्सच्या तिएरी बून यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या गाठीतली जनुकं दुसऱ्या पेशींत घालायची आणि त्याच रुग्णाच्या टी-पेशी कशावर तुटून पडतात ते बघायचं. त्यातून मेज-१ हे जनुक हाती लागलं. आणि संशयित तुकडे खूप असतील, तर? डेन्मार्कमध्ये २०१६ साली सिने रेकर हाड्रुप यांच्या गटाने रंगांऐवजी डीएनएचे बारकोड वापरून एका नमुन्यात हजारावर तुकडे तपासून दाखवले.

मात्र एचएलए माणसागणिक बदलतो. सर्वाधिक अभ्यास झालेला ए-०२:०१ हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत मुबलक आहे. भारतात त्याच कुटुंबातला ए-०२:११ सारखा उपप्रकारही बराच आढळतो. आपल्याकडच्या रुग्णांच्या टी-पेशी शोधायच्या, तर आपल्या एचएलएचे टेट्रामर घडवायला हवेत.