पाटीवरचं सोनं खरं की पितळ? वर्गणीचे पैसे देण्याआधी एवढं बघा

देवळाच्या कमानीवर किंवा दुकानाच्या पाटीवर हातानं काढलेली सोनेरी अक्षरं लांबूनही उठून दिसतात. पण ‘सोनेरी’ म्हणजे नेमकं काय, हे कामाआधीच विचारून घ्यावं. डब्यातला सोनेरी रंग म्हणजे बहुतेक वेळा पितळेची भुकटी. दुसरा पितळी वर्ख, म्हणजे तांबं आणि जस्त. तिसरा खऱ्या सोन्याचा वर्ख, बहुधा २२-२३ कॅरेटचा. नवं काम असताना तिन्ही चमकतात. पहिले दोन ऊन-पावसात काळपट पडतात, सोनं काळं पडत नाही.

सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की दहा हजार पानं एकावर एक ठेवली तर जेमतेम १ मिलिमीटर जाडी भरेल. म्हणजे एका तोळ्यात (१० ग्रॅम) साधारण ५० चौरस फूट जागा मढते. त्यामुळे चार-पाच फुटांच्या पाटीला ‘दोन तोळे सोनं गेलं’ असं कोणी सांगितलं, तर हिशेब मागायलाच हवा.

ओळखायची सोपी खूण आहे. वर्खाचं सुटं पान उजेडासमोर धरलं की खऱ्या सोन्यातून हिरवट उजेड दिसतो. पितळी पान जाड असतं, त्यातून उजेड येत नाही. बोटानं उचललं तरी ते सहसा टिकतं. सोन्याचं पान बोटाला चिकटून विरून जातं. तरीही शंका राहिली तर एक पान सराफाकडून तपासून घ्यावं.

कामाची खरी कसोटी चिकटा लावण्यात आहे. पाटीचा रंग पूर्ण वाळला की त्यावर शंखजिऱ्याची पूड हलकेच फिरवतात, नाहीतर वर्ख नको तिथेही धरतो. मग जवसाच्या तेलापासून केलेल्या चिकट्यानं अक्षरं काढतात. हा चिकटा वाळायला प्रकारानुसार तीन तास लागतात किंवा बारा. बोटाचं पेर टेकवलं तर ओढ लागली पाहिजे, पण बोटाला काही येता कामा नये. ओल्यावर वर्ख लावला तर तो बुडून निस्तेज होतो, फार वाळल्यावर धरतच नाही. घाईचा पेंटर इथेच फसतो. उघड्यावर सुटं पान वाऱ्यानं उडतं, म्हणून पातळ कागदावर दाबलेला वर्ख वापरतात. शेवटी मऊ ब्रशनं जादा तुकडे झाडायचे. पावसाळी दमट हवेत किंवा धुळीच्या वाऱ्यात हे काम काढूच नये.

पितळी वर्खावर वॉर्निश लागतंच. खऱ्या सोन्याला ते सहसा लागत नाही. उलट उन्हानं वॉर्निशच पिवळं पडून सुटतं.

दरपत्रकात वर्ख कोणता, किती कॅरेटचा आणि किती पानं, हे लिहून घ्यावं. आणि सणाला पाटी पुसताना चिंच किंवा भांड्यांची पावडर लावू नये. स्वच्छ पाणी आणि मऊ फडकं पुरे, तेही न घासता.