खानदेशातील ‘आवाक्यातील गाव’ : स्वरूप आणि मर्यादा

उपनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईच उभी राहते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि विसाव्या शतकात विजेवरील लोकल गाड्यांनी डोंबिवली-कल्याणचा सारा पट्टा महानगराच्या दैनंदिन जीवनात ओढून घेतला. त्यावरून अशी समजूत रूढ झाली की, काम शहरात असते आणि घर उपनगरात. माणसे सकाळी एका दिशेने जातात व सायंकाळी त्याच वाटेने परततात. खानदेशास ही कल्पना जशीच्या तशी लावू गेल्यास फसगत होते. जळगावहून मुंबई लोहमार्गाने ४२० किलोमीटरांवर आहे. तेथे, किंवा पुण्यास वा सुरतेस, नोकरीसाठी जावयाचे म्हणजे बिऱ्हाडच हलवावयाचे. रोज जाऊन रात्री घरी परतता येईल अशी शहरे या प्रदेशात मुख्यतः दोन : जळगाव आणि धुळे. त्यांच्या भोवतालची गावे कोणत्या अर्थाने त्यांची उपनगरे ठरतात, हा विचारणीय प्रश्न आहे.

दोन्ही शहरांची घडण वेगळी. धुळ्याला १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे केले व नवी पेठ वसविली. पांझरेपलीकडील देवपूर पुढे शहराचाच भाग झाले. जळगाव वाढले ते लोहमार्गामुळे आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेजीत आलेल्या कापसामुळे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे मुख्यालय झाले, तेव्हापासून शेजारच्या गावांना कचेरीच्या कामासाठी जळगावची वाट धरणे भाग पडले.

भुसावळचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. जळगाव व भुसावळ यांत लोहमार्गाने अवघे २४ किलोमीटरांचे अंतर असून मध्ये भादली हे एकच लहान स्थानक आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांहून, तर भुसावळची पावणेदोन लाखांहून अधिक होती. नुसत्या आकड्यांवरून मोठ्या शहराचे धाकटे उपनगर असेच चित्र उभे राहील. वस्तुस्थिती निराळी आहे. मुंबईकडून येणारा मार्ग भुसावळहून एकीकडे नागपूरला आणि दुसरीकडे खंडव्याला जातो. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय येथेच आहे. आयुधनिर्माणी येथे आहे. वरणगावची आयुधनिर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र जवळच. म्हणजे भुसावळला स्वतःची भाकर आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय, सोन्याची बाजारपेठ आणि मूळजी जेठासारखे १९४५ पासूनचे महाविद्यालय मात्र जळगावात. त्यामुळे सकाळच्या गाडीला दोन्ही फलाटांवर गर्दी असते. भुसावळचा कारकून आणि विद्यार्थी जळगावला उतरतो, तर जळगावात घर बांधलेला रेल्वे कर्मचारी भुसावळला. या ये-जा करण्याला येथे सर्वत्र ‘अपडाऊन’ म्हणतात, आणि हा शब्द ‘उपनगर’ या शब्दापेक्षा अधिक खरा आहे, कारण त्यात थोरला-धाकटा असा भेद नाही.

जनगणनेच्या व्याख्येत हे नाते बसत नाही. ‘नागरी समुच्चय’ ठरावयास वस्ती सलग असावी लागते. पिंप्राळा व मेहरूण जळगावात मिसळली, भुसावळ मिसळलेले नाही. २०११ च्या जनगणनेत कामाचे ठिकाण किती अंतरावर आहे व तेथे कोणत्या साधनाने जाता, असे विचारले होते. कोणत्या गावी जाता, असे विचारलेच नव्हते. साहजिकच सर्वेक्षणाला अपडाऊनचे अंतर ठाऊक आहे, दिशा ठाऊक नाही.

धुळे-चाळीसगावची कथा उलट आहे. चाळीसगाव-धुळे ही शाखा १९०० साली सुरू झाली. चाळीसगाव मुख्य मार्गावर, तर धुळे शाखेच्या टोकाला. जिल्ह्याचे शहर टोकाला आणि तालुक्याचे गाव जंक्शनवर, अशी ही विलक्षण रचना होय. शिवाय चाळीसगाव आहे जळगाव जिल्ह्यात; म्हणजे कचेरी एका शहरात आणि जवळची बाजारपेठ दुसऱ्यात. शाखेवर गाड्यांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने एक गाडी चुकली की एस.टी.चे स्थानक गाठावे लागते. मनमाड-इंदूर लोहमार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून तो झाल्यावर धुळे टोकाचे स्थानक राहणार नाही. तूर्त मात्र धुळ्याचा खरा आधार मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांचा छेद हाच आहे.

यावरून असे दिसते की, गाव शहराच्या आवाक्यात आहे किंवा नाही हे किलोमीटरांवर ठरत नाही. परतीच्या शेवटच्या वाहनावर ठरते. भुसावळला रात्री उशिराही गाडी मिळते, म्हणून तेथील मनुष्य जळगावातील रुग्णालयात नातेवाइकाजवळ बसून, सायंकाळचे व्याख्यान ऐकून घरी येऊ शकतो. जेथे शेवटची बस सातला सुटते, त्या गावाला शहराची फक्त दुपार मिळते. ज्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा वा शिकवणीचा वर्ग हवा असतो, त्या विद्यार्थ्यांचे यात सर्वाधिक नुकसान होते.

उलट दिशेच्या प्रवासाचाही विचार केला पाहिजे. खेड्यातील शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेविका यांनी मुख्यालयी राहावे अशी शासनाची अट आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड जळगाव वा धुळ्यात असते. या प्रश्नाची चर्चा बहुधा शिस्तीच्या भाषेत होते, ती अपुरी आहे. खेड्यात भाड्याने मिळण्याजोगे घर नसते, जोडीदाराची नोकरी शहरात असते, मुलांची शाळा तेथेच असते. तथापि गावाचे नुकसान काल्पनिक नव्हे. चारच्या बसने शिक्षक गेले की संध्याकाळी मुलांना अडलेले गणित विचारावयास कोणी उरत नाही, आणि उपकेंद्राला रात्री कुलूप असले तर बाळंतिणीला तालुक्याला न्यावे लागते. अट कडक करण्याहून राहण्याजोगी घरे बांधणे अधिक उपयोगी पडेल, असे म्हणण्यास जागा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रवासाचा खर्च हा शिक्षण व नोकरी यांचाच खर्च असतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली; तिच्यामुळे शहरात खोली न घेता घरूनच नोकरी करणे काही कुटुंबांच्या हिशेबात बसू लागते. रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरांपर्यंत मिळतो, पण तो गाडीच्या वेळा बदलू शकत नाही.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पॅसेंजर गाड्या थांबल्या, तेव्हा पासधारकांचे हे अवलंबन उघडे पडले. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्यांनी महामार्ग धरला. पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गाची गाडीही त्याच वेळी बंद पडली आणि त्या रुळांवर पुन्हा सुरू झाली नाही. तिने शेंदुर्णी, पहूर व जामनेर ही गावे पाचोऱ्याशी बांधली होती. पाचोऱ्याहून मुख्य मार्गाने पुढे जाता येत असे. सडकेने जामनेर सरळ जळगावशी जोडलेले आहे. गाडी गेल्यावर जामनेरचा विद्यार्थी जळगावच्या एस.टी.त बसतो, शेंदुर्णीच्या विद्यार्थ्याला मात्र पाचोऱ्याची बस पकडावयाची की पहूरवरून जळगाव गाठावयाचे, हे रोज वेळापत्रक पाहून ठरवावे लागते.