रावणाचे हात कशानें चेपले?

घरोघरचीं मुलें एक प्रश्न मोठ्या चवीनें चघळतात. १९३८ सालीं अमेरिकेंत अवतरलेल्या ‘सुपरमॅन’ या चित्रकथेंतील वीराला गोळी भेदत नाहीं, आग जाळीत नाहीं. मग त्यानें सर्व बळानिशीं स्वतःच्याच तोंडांत भडकावली तर? वडील मंडळी हा पोरखेळ म्हणून उडवून लावतात. आम्हांस मात्र हा प्रश्न थेट वेरूळचा वाटतो.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारें ३० किलोमीटरांवर, आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानें घडविलेल्या कैलास लेण्याच्या दक्षिण अंगास तो प्रसंग कोरलेला आहे. खालीं रावण अनेक हातांनीं पर्वत हलवीत आहे. वर पार्वती दचकून शंकरास बिलगली आहे, एक दासी तर पळतच सुटली आहे. शंकर तेवढा स्वस्थ! त्यानें अंगठ्यानें पर्वत दाबला, आणि देवदानवांकडून मरण येणार नाहीं असा ब्रह्मदेवाचा वर मिळविलेल्या त्या दशाननाचे हात खालीं चेपले. तेव्हां त्यानें फोडलेल्या आरोळीवरूनच त्यास ‘रावण’ हें नांव पडलें, असें रामायणाचें उत्तरकांड सांगतें.

येथें शस्त्र कोणतें? हात डोंगरास जितक्या जोरानें रेटतो, तितक्याच जोरानें डोंगर हातास रेटतो, हा न्यूटनचा नियम. शंकरानें डोंगर उचलूं दिला नाहीं. पुढचा बराचसा रेटा, आमच्या मतें, रावणाचा स्वतःचाच होता. वरांत देवदानवांचीं नांवें होतीं, स्वतःच्या बाहूंचें नव्हतें.

हें पुराणांतच घडतें असें नाहीं. पंजा लढवितांना दंडाचें हाड पिळवटून मोडल्याचीं उदाहरणें डॉक्टरांस चांगलीं ठाऊक आहेत. आंकडी किंवा धनुर्वात यांत रोग्याच्या स्वतःच्याच स्नायूंच्या ओढीनें पाठीचे मणके दबून मोडूं शकतात. कोपर वांकवून हातांत ५ किलोंची पिशवी धरली, तर दंडाच्या स्नायूस सात-आठपट ओढ द्यावी लागते, कारण तो कोपराच्या अगदीं जवळ जोडलेला असतो. एरवीं मज्जातंतू ही ओढ बेतांत ठेवतात, म्हणून आपण धडधाकट राहतों. व्यायामानें स्नायू लवकर बळावतो, त्याला हाडाशीं बांधणारा स्नायुबंध मात्र सावकाश. घाईनें वजनें वाढविणाऱ्या तरुणांच्या घरच्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

तेव्हां मुलांस सांगावें कीं, बळ निराळें आणि काठिण्य निराळें. काठिण्य वरचढ असेल तर त्या वीरास कांहीं होणार नाहीं. बळ वरचढ असेल तर गाल आणि तळहात दोहोंनाही सारखाच तडाखा. दोन्ही अमर्याद असतील तर? मग उत्तर चित्रकथा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर!

वेरूळास रामेश्वर आणि धुमार या लेण्यांतही हाच प्रसंग आहे. मुलांस घेऊन जाल तेव्हां तिन्ही ठिकाणीं त्यांना रावणाचे हात नीट पाहूं द्या.