नोकऱ्या नेमक्या कशानं गेल्या? : मतदानानंतरच्या एका मोठ्या भांडणाची गोष्ट

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील, तर ती थोडी तशीच राहू द्या आणि रेडिओजवळ बसा. आज आम्ही एका लांबच्या देशाची गोष्ट सांगणार आहोत. पण सुरुवात आपल्याच गटापासून करू.

मागच्या वर्षी आमच्या एका गटाच्या मासिक सभेत भांडण झालं. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं कंत्राटी कामगार कमी केले होते. गटातल्या दोघींची मुलं एका दिवसात घरी बसली. हप्त्याचा विषय निघाला आणि एक ताई बोलून गेली, "मतं देताना कळलं नाही का? आता भोगा." त्यातली एक आई उठली, पासबुक उचललं आणि निघून गेली. पुढच्या दोन सभांना ती आली नाही. हप्ताही आला नाही. दहा वर्षं एका सतरंजीवर बसणाऱ्या बाया एका वाक्यानं तुटल्या.

आम्ही समन्वयक म्हणून तिथंच बसलो होतो. खरं सांगायचं, तर आम्हालाही काही बोलायला सुचलं नाही. त्या कारखान्यातली कामं नेमकी कशानं गेली, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण भांडण मात्र अगदी खात्रीनं झालं.

त्यानंतर आम्ही याविषयी वाचत गेलो. तेव्हा कळलं, की हेच भांडण एका अख्ख्या देशानं कितीतरी वर्षं केलं आहे. तो देश म्हणजे ब्रिटन.

मतदान कशावर झालं?

युरोपातल्या २८ देशांचा एक संघ होता, युरोपीय संघ. ब्रिटन त्यात होता. संघात असल्याचा अर्थ असा, की माल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना आयात कर लागत नाही आणि माणसाला कुठंही जाऊन काम करता येतं. आपला कांदा तामिळनाडूत जाताना वाटेत आयात कर भरत नाही, आपल्याकडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात जाताना परवाना काढत नाही. साधारण तसंच.

या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहा म्हणणारे १ कोटी ६१ लाख. शंभरात सांगायचं तर ५२ विरुद्ध ४८. बाहेर पडण्याच्या या साऱ्या प्रकाराला 'ब्रेक्झिट' हे नाव पडलं.

५२ विरुद्ध ४८ म्हणजे काय, ते लक्षात घ्या. जिंकणाऱ्याला खात्री नाही आणि हरणाऱ्याला मान्य नाही. घराघरांत दोन तट पडले. प्रत्येक तटाला आपण बरोबर होतो, हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा कुठला? नोकऱ्या. कुठं कारखाना बंद झाला, की एक बाजू म्हणायची, "बघा, सांगितलं होतं ना!" कुठं नवं काम सुरू झालं, की दुसरी बाजू म्हणायची, "बघा, उगाच घाबरवत होतात!"

स्विंडनचा कारखाना

इंग्लंडमध्ये स्विंडन नावाचं गाव आहे. तिथं होंडा या जपानी कंपनीचा मोटारींचा मोठा कारखाना होता. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीनं जाहीर केलं, की हा कारखाना २०२१ मध्ये बंद होणार. ३,५०० माणसांची कामं जाणार. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतली माणसं वेगळीच.

स्विंडनमध्ये मतदान करणाऱ्या शंभरातल्या सुमारे ५५ जणांनी बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. मग काय, त्याच दिवसापासून भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली, ही ब्रेक्झिटचीच फळं. काहीजण तर कामगारांनाच म्हणाले, तुम्हीच मतं दिलीत, आता भोगा. आमच्या सभेतलं वाक्य आठवलं ना? दुसरी बाजू म्हणाली, कंपनी स्वतःच सांगतेय की कारण ब्रेक्झिट नाही, मग तुम्ही कोण?

कंपनीनं खरंच तसं सांगितलं होतं. जगभर विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे ओढा आहे, म्हणून आम्ही आमची घडी बदलतोय, असं तिचं म्हणणं. त्याच सुमारास तिनं तुर्कस्तानातल्या कारखान्यातही मोटारी बनवणं थांबवायचं ठरवलं. आणखी एक गोष्ट घडली होती. १ फेब्रुवारी २०१९ पासून जपान आणि युरोपीय संघ यांच्यात व्यापाराचा करार लागू झाला. जपानी गाड्यांवरचा युरोपातला आयात कर त्यानुसार टप्प्याटप्प्यानं उतरणार होता. मग गाडी जपानमध्ये बनवूनच पाठवली तर काय बिघडलं?

पण याच्या उलटही बोलता येतं. सार्वमताला अडीच वर्षं उलटली होती, तरी ब्रिटन कुठल्या अटींवर बाहेर पडणार, ते ठरलेलं नव्हतं. उद्या आपल्या गाडीवर कर लागेल की नाही, सुटे भाग सीमेवर अडकतील की नाही, हेच माहीत नसेल, तर अशा जागी नवा पैसा कोण घालणार? आणि कंपन्यांनाही सगळ्या ग्राहकांना गाड्या विकायच्या असतात. त्यामुळे राजकारणाचं नाव न घेणंच त्यांना सोयीचं असतं.

मैत्रिणींनो, कांद्यावर करपा आणि अवकाळी पाऊस एकाच आठवड्यात आले, तर किती नुकसान कशानं झालं हे पोत्यांवर लिहिलेलं नसतं. कारखान्याचंही तसंच असतं.

एकाच टोपलीत सगळं टाकू नका

आम्ही या सगळ्या बातम्या वाचल्या आणि निवडायला बसलो. तुरीची डाळ निवडतो तशी. चार ढीग झाले.

पहिला ढीग, कारण स्वच्छ दिसतं अशा नोकऱ्यांचा. युरोपीय संघाचं औषधांची तपासणी करणारं मोठं कार्यालय लंडनमध्ये होतं. तिथं सुमारे ९०० माणसं काम करत होती. संघात नसलेल्या देशात संघाचं कार्यालय कसं राहणार? २०१९ मध्ये ते नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमला गेलं. ही कामं ब्रेक्झिटमुळेच लंडनमधून गेली. यावर वाद नाही.

दुसरा ढीग, अनेक कारणं एकत्र आलेल्या नोकऱ्यांचा. स्विंडनचा कारखाना यातच बसतो. अजून एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. जॅग्वार लँड रोव्हर ही ब्रिटनमधली मोटार कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सनं विकत घेतली. हो, तीच टाटा मोटर्स, जिच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आपल्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं राबली. या कंपनीनं जानेवारी २०१९ मध्ये ४,५०० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, त्यातल्या बहुतेक ब्रिटनमधल्या. कारणं कुठली? चीनमध्ये गाड्यांची विक्री घटली, डिझेल गाड्यांना गिऱ्हाईक कमी झालं आणि ब्रेक्झिटची अनिश्चितता. या तिन्हींतलं एकच कारण उचलून ओरडणारा खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही बोलत नाही.

तिसरा ढीग, जातील म्हणून सांगितलेल्या पण न गेलेल्या नोकऱ्यांचा. मतदानाच्या आधी, मे २०१६ मध्ये, ब्रिटनच्या अर्थखात्यानं अंदाज दिला होता, की बाहेर पडायचं ठरलं तर दोन वर्षांत बेकार माणसं ५ लाखांनी वाढतील, फारच बिघडलं तर ८ लाखांहून जास्त. झालं उलटंच. २०१६ मध्ये काम करू पाहणाऱ्या शंभरांत साधारण ५ जण बेकार होते, ते २०१९ मध्ये ४ च्याही खाली आले. 'भीतीची मोहीम' म्हणून बाहेर पडणाऱ्यांनी या अंदाजाची खूप थट्टा केली, आणि इतकी थट्टा होण्यासारखंच ते होतं. सरकारी कागदावरचा आकडाही अंदाजच असतो, हे आपणही लक्षात ठेवायला हवं.

चौथा ढीग डोळ्यांना दिसतच नाही. तो न आलेल्या नोकऱ्यांचा. मतदानानंतर ब्रिटनमध्ये कंपन्यांनी नव्या यंत्रांत, नव्या इमारतींत पैसा घालणं जवळजवळ थबकलं. बंद झालेल्या कारखान्याचा फोटो पेपरात येतो. न उघडलेल्या कारखान्याचा फोटो कोण काढणार? तिथं कुणाला काढून टाकलं नाही, म्हणून कुणी रडलं नाही. पण त्या गावातल्या पोरीला जे काम मिळालं असतं, ते मिळालं नाही. हा ढीग मोजणं सगळ्यात अवघड, म्हणून भांडणात त्याचं नावही फारसं निघत नाही.

बातमी फिरते, पुरावा फिरतो

संडरलँड या शहरात निसान कंपनीचा कारखाना आहे. तिथं शंभरातल्या ६१ जणांनी बाहेर पडायला मत दिलं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनी म्हणाली, नवी गाडी इथंच बनवू. बाहेर पडणारे खूश. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनी म्हणाली, ती गाडी आता इथं नाही, जपानमध्ये बनेल. राहणारे म्हणाले, बघा! २०२१ मध्ये त्याच ठिकाणी विजेच्या गाड्या आणि बॅटरी यांसाठी मोठी गुंतवणूक जाहीर झाली. पुन्हा दुसरे म्हणाले, बघा! कारखाना एकच, कामगार तेच. फक्त ओरडणारे आळीपाळीनं बदलत होते.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून अधिकृतपणे बाहेर पडला आणि दोन महिन्यांच्या आत करोनाची टाळेबंदी आली. मग तर हिशोब पुरता गुंतला. २०२१ मध्ये तिथं ट्रकचालक मिळेनात, शेतात फळं तोडायला माणसं मिळेनात, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संस्थांना बाया-माणसं मिळेनात. पूर्व युरोपातले बरेच मजूर परत गेले होते. पुढं तर सेवेच्या कामासाठी ब्रिटननं बाहेरच्या देशांतून माणसं बोलावली, त्यात भारतातूनही बरीच गेली.

म्हणजे एकाच देशात 'काम गेलं' हेही खरं आणि 'कामाला माणूस नाही' हेही खरं. पण पन्नाशीतला मोटारींचा कारागीर उद्या शंभर कोस लांब जाऊन फळं तोडणार आहे का? एकूण बेरीज बरोबर आली, म्हणून प्रत्येक घराची बेरीज बरोबर येत नाही.

स्विंडनचा कारखाना ठरल्याप्रमाणे जुलै २०२१ मध्ये बंद झाला. त्या जागेवर गोदामं उभी करण्यासाठी दुसऱ्या कंपनीनं ती विकत घेतली.

मग आपण काय घ्यायचं?

कुणी म्हणालं, अमक्यामुळे इतक्या नोकऱ्या गेल्या, तर चार प्रश्न विचारायचे. एक, कामं खरंच गेलीत की जातील असा अंदाज आहे? दोन, हे कोण सांगतंय आणि ते सांगण्यात त्याचा काय फायदा? तीन, त्याच वेळी आणखी काय काय घडलं? चार, गेलेली कामं कुणाची, आणि त्या घराला आज कशाची गरज आहे?

भांडणात पहिले तीन प्रश्न कधीतरी येतात. चौथा कुणी विचारत नाही. आमच्या सभेतही कुणी विचारला नव्हता, आम्हीसुद्धा नाही.

तिसऱ्या महिन्यात आमच्या गटाच्या अध्यक्षा आणि सचिव त्या ताईंच्या घरी गेल्या. चहा घेतला. मतांचा विषय काढला नाही. पोराला शेवटचा पगार मिळाला का, भविष्य निर्वाह निधीचा नंबर त्याच्याकडे आहे का, हजेरीचं काही कागदपत्र आहे का, एवढंच विचारलं. तेव्हा कळलं, की शेवटच्या महिन्याचा पगार कंत्राटदाराकडेच अडकला होता. दोन्ही पोरं मिळून गेली, दोनदा गेली, तेव्हा तो निघाला. गटानं ठराव केला, दोन्ही घरांनी तीन महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल नंतर. तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. 'आता भोगा' म्हणणाऱ्या ताईनंही केली.

त्या दोघी अजून शेजारी बसत नाहीत. पण दोघी येतात आणि दोघींचे हप्ते सुरू आहेत.

कुणाला मत द्यायचं, हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि सरकारला जाब विचारणं हाही हक्कच आहे. तो जरूर विचारा. पण काम गेलेल्या माणसाला मताची शिक्षा म्हणून भूक सांगू नका. मत दोन्ही बाजूंनी दिलेलं असतं आणि कारखाना बंद होताना तो कुणाचं बोट तपासत नाही.

या महिन्याच्या सभेत एवढं करा. आपल्या गटात वर्षभरात कुणाच्या घरातलं काम गेलं, त्याची यादी करा. कुणामुळे गेलं, हा रकाना मोकळा ठेवा. पगार, निधी आणि हप्ता हे तीन रकाने मात्र आधी भरा. काय निघालं, ते आम्हाला कळवा.