हिरव्या अंड्याचे गुपित

तपकिरी अंड्याचे कवच फोडून आतून पाहू. ते जवळजवळ पांढरे दिसेल! तपकिरी रंगद्रव्य कवच तयार होत आल्यावर, मुख्यतः बाहेरच्या थरात बसते. मूळच्या चिलीतल्या अरौकाना कोंबडीचे अंडे मात्र आतूनही निळे असते. कारण बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य कवचभर मुरते. या दोहोंच्या संकरातल्या तलंगा हिरवट अंडी देतात : निळ्यावर तपकिरी थर! वेगळे हिरवे रंगद्रव्य लागतच नाही.

निळेपणाचे जनुक प्रभावी असते. आईबापांपैकी एकाकडून आले तरी पुरते. पण कोंबडा तर अंडी घालत नाही. मग त्याच्यातले जनुक ओळखायचे कसे? तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांपासून झालेल्या त्याच्या लेकी वाढवायच्या. पाच-सहा महिन्यांनी त्या अंड्यावर आल्या, की उत्तर खुराड्यातच सापडेल.