नेव्हिलची हॅटट्रिक, मेलबर्न 1956

बोरगाव मेघेतल्या फुटबॉलवेड्या पोरांनो, मेस्सी-रोनाल्डोसोबत हेही नाव पाठ करा : नेव्हिल डिसूझा! मूळचा गोव्याचा, खेळ बहरला मुंबईत. 1956च्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतली आणि भारताची पहिलीच लढत थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. 1 डिसेंबर. मध्यंतराला 2-2, आपले दोन्ही गोल नेव्हिलचे. मध्यंतरानंतर लगेच त्याने तिसरा मारला. ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. सामना 4-2! माझ्या मते भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस हाच. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही आघाडी त्यानेच मिळवून दिली, पण 1-4 हार झाली. पुढे ब्राँझही हुकलं. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याबद्दलही जरूर वाचा.